शेरी फिनिश ब्लेंडेड स्कॉच: चव कशी घ्यायची आणि बरीवाईट कशी ठरवायची

शेरी म्हणजे स्पेनची कडक वाइन. लेबलवर शेरी फिनिश दिसलं की लोक बाटली उजेडात धरतात आणि तांबूस रंग बघूनच खूश होतात, ते आधी बंद करा. स्कॉचमध्ये साधा कॅरॅमल रंग घालायला कायद्याने परवानगी आहे, त्यामुळे गडद रंग पिंपातूनच आलाय याची काही गॅरंटी नाही. रंग सोडा, लेबल वाचा. वय छापलेलं असेल तर ते आतल्या सगळ्यात कमी वयाच्या व्हिस्कीचं असतं, म्हणजे 12 वर्षं लिहिलंय तर ब्लेंडमध्ये मिसळलेली माल्ट (मोड आणलेल्या बार्लीची) असो नाहीतर ग्रेन (मका, गहू अशा धान्यांची), 12 च्या खालचं काहीच नाही. वय नसेल तर किमान 3 वर्षं ओकच्या पिंपात काढलीयेत एवढंच धरून चालायचं. शेरीच्या पिंपात किती महिने होती हे बहुतेक कंपन्या सांगतच नाहीत, आणि खरी गोम तिथेच असते.

कारण फिनिश म्हणजे काय, तर व्हिस्की आधी दुसऱ्याच पिंपात, बऱ्याचदा बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या, वर्षानुवर्षं मुरते आणि अगदी शेवटी काही काळ शेरीच्या पिंपात जाते. मग आपल्याला बघायचंय एकच, शेरी आतपर्यंत मुरलीय का नुसती वरवर फासलीय.

ग्लास वर निमुळता होणारा घ्या, त्यात 25-30 मिली ओता. बर्फ नको, वास मरतो. पाचदहा मिनिटं तसंच राहू द्या.

आता वास. ग्लासात नाक खुपसायचं नाही, अल्कोहोल झणकन वर जातं आणि मग पुढचं काही कळत नाही. ग्लास थोडा लांब, तोंड किंचित उघडं, आणि हळू श्वास. ओलोरोसो या शेरीच्या पिंपातली असेल तर अक्रोड, संत्र्याची साल, सुकामेवा असं येतं, पेद्रो हिमेनेझ या गोड शेरीची असेल तर मनुका, खजूर, काकवी असा दाट गोडवा, कारण ती शेरी उन्हात वाळवलेल्या द्राक्षांचीच करतात. हे सापडलं की बरेच जण थांबतात, तुम्ही थांबू नका, त्याच्या खाली काय आहे ते हुंगा. व्हॅनिला, धान्याचा वास, थोडा धूर असं काही लागलं तर ब्लेंड जिवंत आहे. वर मनुका आणि खाली थेट स्पिरिटचा झणका, मधे काहीच नाही, असं असेल तर मी तिथेच मार्क कापतो. विझलेल्या काडीचा किंवा रबराचा वास आला तर तो गंधकाचा, रिकामी पिंपं टिकवायला आत गंधक जाळायची पद्धत आहे. काडीचा हलका वास काहींना आवडतो, चालतंय. रबर मात्र मला नाही चालत.

पहिला घोट छोटा घ्या आणि सोडून द्या, तो फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून. दुसरा तोंडात चांगला फिरवा, दहाएक सेकंद. गोडवा पुढेच लागतो, त्यावर भाळू नका, गोड म्हणजे चांगली असं नसतं. मधे काय घडतं ते बघा, आणि शेवटी हिरड्यांवर तुरटपणा येतो तो ओकचा. थोडा तुरटपणा हवाच, त्याने गोडवा आवरला जातो, पण तोंड कोरडं पडलं तर लाकूड जास्त झालंय. गिळल्यावर चव किती टिकते आणि टिकते ती नेमकी कशाची, हे पण नोंदवा.

मग पाणी, थेंबाथेंबाने. ब्लेंड बनवणारी मंडळी तर 20 टक्क्यांच्या आसपास पातळ करून हुंगतात, तिथे काही लपत नाही. पाण्यानंतर फळं आणि मसाले अजून उलगडले तर काम चोख झालंय. शेरी गायब आणि मागे पातळ, गोडसर ग्रेन उरली तर पैसे लेबलचे घेतलेत.

जमलं तर त्याच कंपनीचं साधं ब्लेंड शेजारी ठेवून प्या, शंभर वर्णनं वाचण्यापेक्षा यात जास्त कळतं. जॉनी वॉकरच्या ब्लॅक लेबलची शेरी फिनिश आवृत्ती निघाली होती, ती आणि साधी दोन्ही 12 वर्षांच्या, म्हणजे वयाचा फरक आड येत नाही. साधीतला धूर शेरीवालीत कितपत उरलाय, दबलाय का छान मिसळलाय, तेवढंच शोधा. दोन्ही ग्लास कुणालातरी अदलाबदल करून द्यायला सांगा, शेरीवाला कुठला हे वासावरून ओळखताच आलं नाही तर जादा पैसे कशाचे द्यायचे?