चहाच्या पाण्याने पत्रिकेला जुना रंग

आजी-आजोबांच्या काळातली वाटावी अशी लग्नपत्रिका घरी करायची, तर कोरा कागद फार पांढरा दिसतो. भाचीच्या लग्नात आम्ही तो चहात बुडवला.

१. एक लिटर पाण्यात सहा चमचे चहापत्ती उकळा. साखर अजिबात नको, मुंग्या लागतात. गार करून फडक्याने गाळा.

२. परातीत ओता, एकेक कागद दोन मिनिटं बुडवा. कागद जाडच घ्या, पातळ उचलतानाच फाटतो.

३. जुन्या सुती लुगड्यावर सावलीत पसरा. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. आमचे गच्चीवरचे पहिले दहा कागद पापडासारखे वळले. किंचित ओलसर असतानाच उचलून गादीखाली रात्रभर दाबा. कडेला चहा साचून गडद रेघ उमटते, तीच सगळ्यात देखणी!

४. मग बोरूने किंवा शाईच्या पेनाने लिहा, कोपऱ्यांना हळदकुंकू लावा.

मजकूर आधी छापून कागद बुडवू नका, इंकजेटची शाई पसरते. आणि मोजून करू नका, शंभर पत्रिकांना पंधरावीस कागद जास्तच रंगवा. दुसऱ्या घाण्याचा रंग हुबेहूब जुळत नाही.