शिरोरेघ मारली की शब्दच गायब: टॅबलेटवरच्या नोट्सचा घोळ असा सुटला

लक्षण: पेनने 'क्षेत्रफळ' लिहिलं, वरून रेघ ओढली आणि पेन उचलताच अख्खा शब्द नाहीसा. छोट्या शब्दांना क्वचित, लांब शब्दांना हमखास. रेघ तुटली म्हणून परत गिरवली तर नक्कीच. डोकं फिरायची वेळ आली होती.

पेनची निब बदलली, ॲप काढून पुन्हा टाकलं, तळहाताचा स्पर्श टाळणारी सेटिंग चालू केली. फरक शून्य.

खरी खूण अन्‌डूमध्ये सापडली. शब्द उडाल्यावर लगेच अन्‌डू दाबा. शब्द परत आला, तर पेन ठणठणीत आहे. ॲपने तुमच्या रेघेला 'खोडलं' असं समजलंय. मग याच क्रमाने:

१. ॲपच्या सेटिंगमध्ये पेन जेश्चर (पेनच्या हालचालीने ॲपला दिलेल्या आज्ञा) उघडा. खरडून किंवा रेघ मारून पुसण्याचा पर्याय बंद करा.
२. रेघेच्या शेवटी पेन टेकवून ठेवलं की सरळ आकार होतो, तेही बंद. नाहीतर शिरोरेघ पट्टीने आखल्यासारखी ताठ होते.
३. आयपॅड असेल तर सेटिंग्ज, ॲपल पेन्सिल, तिथे स्क्रिबल, म्हणजे हाताने लिहिलेलं टाइपात बदलणारी सोय, बंद. (हे फक्त मजकुराच्या चौकटींपुरतं, पण मराठी लिहिताना तिथेही कटकटच.)
४. ॲप पूर्ण बंद करून उघडा आणि तोच लांब शब्द मुद्दाम दोनदा रेघ मारून तपासा.

ॲप निवडताना मी आता आधी हेच बघतो. अक्षराचं लगेच टाइपात रूपांतर करू पाहणारी ॲप्स रेघेला आज्ञा समजण्याची शक्यता जास्त. शाई शाईच ठेवणारी साधी ॲप्स देवनागरीला बरी. पहिली पायरी मात्र कुठल्याही ॲपमध्ये तपासाच.