जुन्या डिझेल गाडीला टर्बो बसवताना या चुका टाळा

खंबाटकीचा घाट, गाडीत पाच माणसं, डिकीत गावच्या घरासाठी घेतलेली सिमेंटची दोन पोती आणि बॉनेटखाली इंडिकाचं 1405 सीसीचं बिनटर्बोचं इंजिन. ही गाडी ज्यांनी वापरली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दुसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला, आणि मागचा ट्रकवाला हॉर्न सोडत नाही. कंपनीने पुढे याच 1405 सीसीच्या इंजिनाला टर्बो लावून गाड्या विकल्या. त्यामुळे मॅनिफोल्ड (इंजिनातून जळका गॅस बाहेर काढणारा पाइपांचा जोड), टर्बो, पाइप असं सगळं जुन्या मालात मिळतं, आणि आपल्याही गाडीला बसवावा असं वाटायला लागतं.

मी बसवला, आणि घाटात फरक पडला. पण त्याआधी दोनदा टर्बो उतरवला, एकदा चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) खोललं आणि बरंच ऑइल जाळलं. यातलं बहुतेक टाळता आलं असतं. पुढचं सगळं इंडिका, जुनी जीप, सुमो, डिझेल झेन अशा साध्या पंपाच्या गाड्यांबद्दल आहे. कॉमनरेल, म्हणजे कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या नव्या इंजिनाचं गणित वेगळं.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनाला फक्त हवा देतो. डिझेल इंजिनात डिझेल तेवढंच ठेवून हवा वाढवली तर जळण स्वच्छ होतं आणि सायलेन्सरकडे जाणारा गॅस उलट थंड होतो. पिस्टन वितळतो, हेडला तडा जातो तो जास्तीच्या डिझेलमुळे. म्हणून डिझेल वाढवणं हे या कामातलं सगळ्यात शेवटचं काम आहे. बहुतेक ठिकाणी ते पहिल्याच दिवशी होतं.

थकलेल्या इंजिनावर टर्बो

गाडी ओढत नाही म्हणून टर्बो बसवायचा विचार येतो, पण ती ओढत का नाही हे कोणी तपासत नाही. दोन लाख किलोमीटर झालेल्या इंजिनात रिंगा झिजल्या असतील तर टर्बो लावून तुम्ही त्याच रिंगांवर आणखी दाब टाकताय. हीटर प्लग काढून त्या भोकातून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. या जातीच्या इंजिनात साधारण 25 ते 30 बार दिसायला हवं. 20 च्या खाली असेल, किंवा दोन सिलिंडरमध्ये पाच बारपेक्षा जास्त फरक असेल, तर आधी इंजिनकाम करा.

मोजायचं साधन नसेल तर निदान एवढं करा. इंजिन गरम असताना आयडलवर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. ते थडथड उडत असेल आणि भोकातून धुराचे भपकारे येत असतील तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतोय. अशा इंजिनात टर्बो टिकत नाही. चेंबरमध्ये दाब साठल्यामुळे टर्बोतून परत येणारं ऑइल खाली उतरत नाही आणि सील ओलांडून हवेच्या पाइपात जातं.

हे ऑइल पुढे काय करू शकतं ते मी एका गॅरेजात पाहिलं आहे. जीपला टर्बो लावून पहिली रेस दिली. रेस सोडली तरी इंजिन खाली येईना. चावी बंद केली तरी आवाज चढतच गेला, कारण इंजिन पंपातल्या डिझेलवर चालतच नव्हतं, स्वतःचं ऑइल ओढून जाळत होतं. पांढऱ्या-निळ्या धुरात समोरची भिंत दिसेनाशी झाली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी फिल्टरचा होज उपटला आणि टर्बोच्या तोंडावर लाकडी फळी दाबून धरली, तेव्हा ते थांबलं. टर्बो बसवल्यावर पहिल्यांदा गाडी चालू करताना अशी फळी किंवा जाड पत्रा हाताशी ठेवाच. हात किंवा कापड लावू नका. कापड आत जातं आणि हात पंख्याने कापला जातो. रस्त्यावर असं झालं तर ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडा.

ऑइलची परतीची नळी

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावून टर्बोला ऑइल देणं सोपं आहे, ते सगळेच नीट करतात. घोळ होतो परतीच्या वाटेत. आत जाताना ऑइल दाबाने जातं. बाहेर पडताना त्याला दाब नसतो आणि ते फेसाळलेलं असतं. ताकासारखं. ते केवळ आपल्या वजनाने खाली उतरतं.

माझ्या गाडीला परतीची नळी 8 मिलिमीटरची होती. तिला खाली एक झोळ होता आणि चेंबरमध्ये ती ऑइलच्या पातळीखाली घुसवली होती. सिग्नलला दोन मिनिटं थांबलो की मागे निळा धूर. टर्बोचे सील गेले म्हणून दुसरा टर्बो घातला, तरी तोच धूर. तिसऱ्यांदा मीच गाडीखाली शिरलो, परतीची नळी टर्बोकडून सोडली, टर्बोच्या त्या तोंडाखाली रिकामी बाटली धरली आणि इंजिन आयडलवर चालवलं. अर्ध्या मिनिटात मागचा धूर कमी व्हायला लागला. टर्बो चांगला होता, ऑइलला उतरायला वाट नव्हती.

चेंबर खाली उतरवून ऑइलच्या पातळीच्या वर भोक पाडलं, लेथवाल्याकडून निपल करून ब्रेझ केलं, आणि 19 मिलिमीटर आतल्या मापाचा, ऑइल आणि उष्णता सोसणारा होज टर्बोपासून सरळ खाली आणला. कुठे चढ नाही, कुठे झोळ नाही. धूर बंद झाला तो आजपर्यंत बंद आहे. चेंबर गाडीवर असतानाच ड्रिल मारायचा मोह होतो, पण मारू नका. लोखंडाचा किस आत पडला की तो बेअरिंगपर्यंत पोचतो.

टर्बोच्या ऑइलच्या जोडांना गॅस्केटची पेस्ट लावू नका. दाबल्यावर तिचा थेंब आत फुगतो, तुटतो आणि ऑइलच्या बारीक भोकात अडकतो. टेफ्लॉन टेपचंही तसंच. तांब्याचा वॉशर आणि कागदी गॅस्केट पुरतं. पहिल्यांदा चालू करण्याआधी पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल बंद करणाऱ्या व्हॉल्व्हची) वायर काढा आणि दहा-दहा सेकंद सेल मारा. परतीच्या नळीतून ऑइल टपकलं की मगच वायर जोडा. कोरड्या बेअरिंगवर पहिली दहा सेकंदं फिरलेला टर्बो पुढे कधीतरी त्याची किंमत वसूल करतो.

हाताला लागेल तो टर्बो

सुमोचा टर्बो स्वस्तात मिळाला म्हणून इंडिकाला लावलेला मी पाहिलाय. तो फिरायला लागेपर्यंत घाट संपतो. हिशोब सोपा आहे: 1.4 लिटरचं चार स्ट्रोक इंजिन 4500 फेऱ्यांना मिनिटाला जेमतेम 2700 लिटर हवा ओढतं. अर्धा बार बूस्ट, म्हणजे टर्बोचा वाढीव दाब, दिला तर साधारण 4000. एवढ्या हवेला छोटाच टर्बो लागतो. जुना घेताना दांडा बोटांनी हलवून बघा. आडवा किंचित हलतो, ते चालतं. पुढे-मागे हालचाल जाणवली किंवा पंख्याच्या कडा घरात घासलेल्या दिसल्या तर परत ठेवा.

बूस्ट अर्ध्या बारवर रोखा. बिनटर्बोच्या या इंजिनांत कॉम्प्रेशन रेशो आधीच 20 च्या वर असतो. जास्त दाबाला पहिलं हेड गॅस्केट उडतं. मर्सिडीजने 1978 मध्ये आपल्या पाच सिलिंडरच्या डिझेलला टर्बो लावून गाडी विकली, तेव्हा पिस्टनवर खालून ऑइलचे फवारे आणि सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दिले होते. तुमच्या इंजिनात हे काही नाही, मग मागणीही त्या बेताची हवी.

पंपाचा स्क्रू

टर्बो बसला की कोणीतरी म्हणतोच, "पंप वाढव, मग बघ पिकअप." थांबा. पाचशे किलोमीटर पंपाला हात न लावता चालवा. आधी दोन मीटर बसवा, एक बूस्टचा आणि एक एक्झॉस्टच्या तापमानाचा. दुसऱ्याचा सेन्सर टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये हवा. टर्बोच्या नंतर लावला तर काटा बराच कमी दाखवतो आणि खोटा धीर मिळतो. लांब चढावर काटा 700 अंशांच्या आत राहायला हवा. अॅल्युमिनियम 660 ला वितळतं. पिस्टन त्याहून थंड राहतो तो रिंगा आणि ऑइल त्याची उष्णता काढून नेतात म्हणून, आणि त्यांच्याही क्षमतेला मर्यादा आहे.

कारखान्यातून टर्बोसाठी आलेल्या पंपावर एक डायफ्रॅम असतो. बूस्ट चढेल तसं तो डिझेल वाढवतो. साध्या पंपाला तो नसतो, त्यामुळे डिझेल वाढवायचा स्क्रू फिरवला की टर्बो फिरायच्या आधीही तेवढंच जास्त डिझेल पडतं. सिग्नल सुटताना काळा ढग सोडणाऱ्या गाड्या त्यातल्याच. जमलं तर टर्बोवाल्या इंजिनाचा पंपच मिळवा आणि पंपवाल्याकडे कॅलिब्रेट करून घ्या. नाहीच मिळाला तर स्क्रू एका वेळी अष्टमांश फेरा, आणि मग तोच चढ पुन्हा चढून काटा बघा.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल चालत नाही ज्याने आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच कायम केलं. कलम 182अ खाली प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून सामान विकत घ्यायच्या आधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीला कळवा. अपघात झाला तर क्लेमचा प्रश्न तिथेच येतो.

बसवल्यावर बिघडलं तर

काळा धूर आणि पिकअप कमी: हवा गळतेय. टर्बो ते इंजिन सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा आणि कोणाला तरी रेस द्यायला सांगा, बुडबुडे जागा दाखवतात. निळा धूर: आधी परतीची नळी तपासा, मग ब्रीदर (चेंबरमधला दाब बाहेर सोडणारी नळी), टर्बो सगळ्यात शेवटी. वेगात गाडी अचानक मरगळते आणि थांबल्यावर बरी होते: फिल्टरकडचा मऊ होज ओढीने आत चेपतोय, तारेचा वेढा असलेला होज घाला. सायरनसारखा आवाज येत असेल तर गाडी लगेच बंद करा, पंखा घराला घासतोय.

मॅनिफोल्डपाशी टिक-टिक ऐकू आली तर गॅस्केट फुंकतंय. हे बहुतेकांच्या गाडीला होतं, कारण टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर लटकतं आणि गरम-थंड होऊन नट सैल होतात. टर्बोला खालून एक आधारपट्टी द्या. पहिल्या 500 किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, सगळे नट पुन्हा आवळा. नट तांब्याचा मुलामा दिलेले घ्या. साधे पुढच्या वेळी स्टडसकट तुटून हातात येतात.