लेकरू पहिलीत गेलं. घरच्यांनी काय करायचं?

"आम्हाला कुठं लिहिता-वाचता येतं?" असं म्हणत मराठवाड्यातले बरेच आईबाप लेकराचा अभ्यास गुरुजींवर सोडून देतात. पण पहिली-दुसरीत घरच्यांनी करायचं बरंचसं काम विनापुस्तकाचं आहे.

आधी बोलतं करा. "आज काय शिकवलं?" म्हटलं की उत्तर येतं, "काही नाही." त्यापेक्षा "खिचडी कशी होती? शेजारी कोण बसलं होतं?" असं विचारा आणि पुरतं ऐकून घ्या. मधेच बोली सुधारत बसू नका; पुस्तकातली भाषा हळूहळू येते.

मग मोजणं. तुरीच्या शेंगा सोलताना एकीत किती दाणे, दोन्हींत मिळून किती, हे त्यालाच सांगू द्या. दहा-दहाचे ढीग लावायला सांगा. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं लेकरू सात दाणे मोजून देताना अडखळत असेल, तर पाठांतर जरा बाजूला ठेवा.

अक्षरं रस्त्यावरही सापडतात. एसटीच्या पाटीवर परभणी, पाथरी, परळी दिसलं की 'प' शोधायला लावा. रात्री बालभारतीचं पुस्तक उघडून चित्रावरून गोष्ट सांगायला लावा. ऐकणाऱ्या आईला वाचता आलंच पाहिजे असं नाही. गावात माता पालक गट असेल तर त्यात जा. पहिलीच्या लेकराला ट्यूशन लावायची गरज मला तरी वाटत नाही.

खरी अडचण ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि लेकराचे चार-पाच महिने कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, जातात. म्हणून टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतानाच लेकरू कुठं राहणार ते ठरवा. मुख्याध्यापकांना भेटून, मागं राहणाऱ्या लेकरांसाठीचं हंगामी वसतिगृह सुरू होणार का, कधीपासून, रात्री तिथं कोण असतं, हे विचारा. आजी-आजोबांजवळ ठेवणार असाल तर त्यांनाही शाळा दाखवून आणा. सोबतच न्यायचं असेल तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावी शिकणं चालू राहावं म्हणून मिळतं ते) मागून घ्या आणि कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवा. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. तसं ठामपणे सांगा.

गावी परतलात की घर झाडण्याआधी शाळा गाठा. तिकडची वही गुरुजींना दाखवा आणि मागं काय राहिलं ते लेकरासमोरच विचारून घ्या.