लाइनखालचं लोखंड पावसाआधी उकरून पाहा

मशागत उरकली आहे, पेरणीला अवकाश आहे, जमीन कोरडी आहे. शेतावरून उच्चदाबाची लाइन जात असेल तर याच दिवसांत खुरपं घेऊन मातीत पुरलेलं लोखंड तपासा. पाऊस लागला की खड्ड्यात पाणी भरतं, आणि गंजाचं खरं काम ओल आल्यावरच सुरू होतं.

आधी कुंपणाचे नि मांडवाचे अँगल घ्या. खोल जायची गरज नाही, जमिनीच्या पातळीखालची वीतभर माती बाजूला करा. वर हवा आणि खाली ओल अशा सांध्यावरच अँगल सर्वांत आधी झिजतो. तारेच्या ब्रशने घासा, हातोडीने हलकेच ठोका. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर तो अँगल वादळाची वाट न पाहता बदला.

पाइपलाइनचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथेच जास्त फसगत होते. लाइनला समांतर लांबवर गेलेल्या लोखंडी पाइपात तारेचा स्पर्श नसतानाही विद्युतदाब तयार होतो. पाइप उघडा असेल तर या दाबामुळे वाहणारा प्रवाह सगळ्या लांबीभर थोडा थोडा जमिनीत उतरतो. पण पाइपावर चांगलं वेष्टन असेल आणि ते एखाद्या ठिकाणी खरचटलं असेल, तर सगळा प्रवाह तेवढ्याच जखमेतून बाहेर पडायला बघतो. म्हणून नव्या, उत्तम वेष्टनाच्या पाइपालाही अशा जागी भोक पडू शकतं. गंजापासून विजेच्या मदतीने संरक्षित केलेल्या पाइपलाइनसाठीच्या आयएसओ 18086 या आंतरराष्ट्रीय मानकात एसी, म्हणजे लाइनमधल्यासारख्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेच्या, दाबाला 15 व्होल्ट आणि प्रवाहाला दर चौरस मीटरला 30 अँपिअर अशा मर्यादा आहेत. नखाएवढ्या, 1 चौरस सेंटिमीटर जखमेच्या हिशेबाने हे फक्त 3 मिलिअँपिअर होतात. इतका थोडा प्रवाहही दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

अशी जागा ओळखायची खूण म्हणजे पाइपाला चिकटलेला मातीचा दगडासारखा घट्ट गोळा. तो फोडला की आत गंज दिसतो, आणि गंज काढला की गोळ्याच्या मानाने बराच लहान, वाटीसारखा गुळगुळीत खड्डा. गोळा मोठा दिसतो म्हणून घाबरू नका, पण खड्डा लहान आहे म्हणून सोडूनही देऊ नका. लाइन पाइपाजवळ येते, दूर जाते किंवा पाइप वळण घेतो, त्या टोकांना आधी पाहा. खारवट, चोपण किंवा सतत ओल्या राहणाऱ्या जमिनीत धोका वाढतो.

पाइपाला हात लावण्याआधी जाणकार इलेक्ट्रिशियनकडून पाइप आणि जमीन यांच्यातला एसी दाब मोजून घ्या. तो 15 व्होल्टच्या वर असेल तर काम थांबवा. जखमा बुजवायच्या तर त्या पट्ट्यातल्या सगळ्याच बुजवा. चार बुजवून एक राहिली तर चौघींचा वाटा त्या एकीच्या माथी येतो. माझ्या मते लाइनजवळचा तुकडा बदलायची वेळ आलीच तर तिथे पीव्हीसी किंवा एचडीपीई टाकावा. प्लॅस्टिक गंजत नाही आणि लोखंडाची सलग लांबीही तुटते. अर्थिंग नव्याने करायचं असेल तर तांब्याचा रॉड लोखंडी पाइपाला थेट जोडू नका, ओल्या जमिनीत तांबं टिकतं आणि पाइप झिजतो. जस्ताचा मुलामा असलेला रॉड चालेल.

शेतातून गॅसची किंवा तेलाची पाइपलाइन जात असेल तर तिच्या खुणेच्या खांबांजवळ स्वतः खणू नका, खांबावरच्या क्रमांकावर कळवा.

टॉवरच्या पायांशी शेणखत, पालापाचोळा किंवा खताच्या गोण्या रचायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ती मोडायला हवी. ओल कोंडते, खतातले क्षार मुलामा खातात, आणि पाय नेमका काँक्रीटच्या वर, झाकलेल्या जागी कुजतो. ढीग हटवा, पाणी साचत असेल तर चर काढून वाट द्या. पायाला उतरलेली अर्थिंगची पट्टी तुटलेली दिसली तर तिला हात न लावता वीज कंपनीला कळवा.

आभाळ गडगडत असेल त्या दिवशी यातलं कुठलंच काम हाती घेऊ नका. कुंपणाच्या लांब तारेपासूनही दूर राहा.