रोव्हर बनवताय? मग या चुका टाळा

इंजिनीअरिंगच्या मुलामुलींच्या रोव्हर टीमना मी बरीच वर्षं मार्गदर्शन करतेय. मंगळावर जाते तशी गाडी लहान आकारात बनवायची, खडकाळ मैदानात चालवायची, मातीचे नमुने उचलायचे, असं हे काम. दर वर्षी टीम नवी असते आणि चुका जुन्याच. खऱ्या मोहिमांनी हे सगळं आधीच भोगलंय आणि त्याच्या नोंदी वाचायला फुकट मिळतात. त्या न वाचता मुलं थेट वेल्डिंगला बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चाक फिरलं की गाडी पुढे गेली असं समजणं. मोटरला एन्कोडर लावायचा, फेरे मोजायचे, परिघाने गुणायचे आणि येईल ते अंतर खरं मानायचं. कॉलेजच्या कॉरिडॉरमधल्या फरशीवर हे गणित बरोबर येतं. फुफाट्यात येत नाही.

एका टीमला घेऊन आम्ही मे महिन्यात नदीच्या कोरड्या पात्रात गेलो होतो. चालवणारा मुलगा नियमाप्रमाणे ताडपत्रीच्या आडोशाला, फक्त लॅपटॉपसमोर. मी गाडीपाशी उभी. तिकडून आवाज येत होता, "आठ मीटर... नऊ... दहा झाले मॅडम!" इकडे गाडी जागची हललेली नव्हती. मधली दोन चाकं नुसती गरगरत होती आणि त्यांच्या मागे वाळूचा ढीग साचत होता. मी "थांब" म्हणून ओरडले, तोवर वेग कमी वाटला म्हणून त्याने पॉवर वाढवली होती. चाकं आसापर्यंत गेली, गाडीचं पोट वाळूला टेकलं आणि मोटरला वीज देणाऱ्या एका ड्रायव्हर सर्किटमधून जळका वास यायला लागला. पलीकडे ट्रॅक्टर घेऊन आलेले एक काका हे सगळं बघत होते. ते म्हणाले, "पोरांनो, रुतल्यावर रेस देत नसतात."

मंगळावर नेमकं हेच झालंय. २६ एप्रिल २००५ रोजी मेरिडियानी प्लॅनम या मैदानात नासाची ऑपॉर्च्युनिटी ही रोव्हर गाडी एका बुटक्या वाळूच्या लाटेत रुतली. त्या दिवशीचा प्रवास चाकांच्या फेऱ्यांवर विसंबून आखलेला होता. चाकं फिरत राहिली, गाडी खाली जात राहिली. मग अमेरिकेत पॅसडीनाला नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये, लोकांनी वाळू, चिकणमाती आणि डायटोमेशियस माती (पिठासारखी हलकी माती) कालवून तसाच फुफाटा तयार केला, जुळी गाडी त्यात रुतवली आणि बाहेर काढायचा सराव केला. ४ जूनला ऑपॉर्च्युनिटी सुटली. तेवढ्यासाठी चाकं १९२ मीटर जाता येईल इतकी फिरवावी लागली, आणि गाडी सरकली एक मीटरपेक्षाही कमी. आधी सराव, मग थोडं थोडं, असे पाच आठवडे. कुणी घाई केली नाही, म्हणून ती पुढे २०१८ पर्यंत चालली आणि ४५ किलोमीटरच्या वर गेली.

माझी सवय सांगते. एका चाकाच्या कडेला मी खाच पाडायला लावते आणि एक स्वस्त कॅमेरा मागच्या चाकोरीकडे रोखून बसवते. दर फेऱ्याला वाळूत खाचेचा एक ठसा उमटतो. दोन ठशांमधलं अंतर परिघाएवढं असेल तर ठीक, निम्म्यावर आलं की थांबायचं. ही युक्ती माझी नाही. मंगळावरच्याच क्युरिऑसिटी या नासाच्या रोव्हरच्या चाकांत याच कामासाठी भोकं ठेवली आहेत, आणि तिच्या चाकोरीत मोर्स लिपीत जेपीएल ही अक्षरं उमटत जातात. शिवाय मोटरचा करंट ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गाडीने कुणाला न विचारता थांबलं पाहिजे. हा कोड आधी लिहा, बाकीचा नंतर.

दुसरी चूक ऐकली की मला खरोखर राग येतो: "एकदाच झालं मॅडम, परत होत नाहीये." गाडी मध्येच रीस्टार्ट होते, सगळे दोन मिनिटं थबकतात आणि कामाला लागतात. १९९७ मध्ये नासाचं पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरल्यानंतर काही दिवसांतच आपोआप रीसेट होऊ लागलं. त्याच्या सॉफ्टवेअरमधलं हवामानाची माहिती गोळा करणारं कमी महत्त्वाचं काम एक सामायिक कुलूप (एका वेळी एकाच कामाला आत सोडणारं) धरून बसायचं, मधल्या महत्त्वाची कामं त्याला पुढे सरकू द्यायची नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं काम त्या कुलपासाठी ताटकळत राहायचं. मग वॉचडॉग, म्हणजे काम अडकलंय का यावर नजर ठेवणारा पहारेकरी, सगळंच बंद करून पुन्हा सुरू करायचा. असे रीसेट उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही दिसले होते, पण ते परत घडवून दाखवता आले नव्हते.

म्हणून माझ्या टीमकडे एक जाड पुठ्ठ्याची वही असते. प्रत्येक रीस्टार्ट त्यात वेळेसकट लिहायचा, आणि कारण सापडेपर्यंत ती ओळ खोडायची नाही. निम्म्या वेळा कारण सैल कनेक्टर किंवा भरलेलं मेमरी कार्ड निघतं. मेमरीचं हसण्यावारी नेऊ नका. जानेवारी २००४ मध्ये नासाची मंगळावरची दुसरी गाडी स्पिरिट फ्लॅश मेमरीत साचलेल्या फायलींमुळेच पुन्हा पुन्हा रीबूट होत होती, रात्री झोपत नव्हती आणि बॅटरी संपवत होती. जुने लॉग पुसणारी स्क्रिप्ट पहिल्या दिवशीच लावा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

जॉयस्टिकवर हात बसला म्हणजे रोव्हर चालवता येतो असं नाही. मंगळापर्यंत संदेश पोहोचायला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, तिथे जॉयस्टिक निरुपयोगी आहे. आज्ञांची यादी पाठवा, हात बाजूला ठेवा, फोटो येईपर्यंत थांबा. चंद्र जवळ, तरी चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरलाही असंच टप्प्याटप्प्याने नेलं. २७ ऑगस्ट २०२३ रोजी ३ मीटर पुढे ४ मीटर व्यासाचा खड्डा दिसला तेव्हा त्याला आल्या वाटेने मागे फिरवता आलं.

वजन वाचवायला चाकं पातळ करू नका. क्युरिऑसिटीच्या ॲल्युमिनियमच्या चाकांचा पत्रा ०.७५ मिलिमीटरचा होता, टोकदार दगडांनी त्याला वर्ष-दीड वर्षातच भोकं पाडली. आपल्या पायाखालचा काळा बेसॉल्ट मंगळावरच्या खडकाच्या जवळचा आहे, लोणारच्या विवराचा अभ्यास करायला शास्त्रज्ञ येतात ते त्यासाठीही. तेव्हा आपल्याच माळावरच्या दगडांवर गाडी चालवून बघा.

एकके प्रत्येक आकड्यापुढे लिहा. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळाकडे गेलेलं यान पाउंड आणि न्यूटन या बलाच्या एककांच्या घोळात गेलं.

रोबोटिक हाताचं काम चाकांच्या आधी काढू नका. हात फोटोत छान दिसतो म्हणून सगळ्यांना तोच आधी हवा असतो.

आणि वाळूतली चाचणी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पावसाळा लागला की नदीचं पात्र मिळत नाही, मे संपायच्या आत किमान चार दिवस तिथे काढा.