दोन पोर्टची छोटी मायमो अँटेना: या चुका टाळा

मायमो म्हणजे एकाच वेळी अनेक अँटेना वापरून डेटा पाठवणं-घेणं. ३.५ गिगाहर्ट्झच्या ५जी बँडसाठी १.६ मिमी जाड एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीच्या) बोर्डवर दोन पॅच, म्हणजे तांब्याच्या चपट्या अँटेना. सिम्युलेशनमध्ये एस२१ (एका पोर्टमधून दुसऱ्यात गळणारा सिग्नल, जितका उणे तितका चांगला) उणे २५ डेसिबल, बोर्ड हातात आला की उणे १२. असं झालं की आधी ग्राउंड बघा.

दोन्ही पोर्टना वेगळं ग्राउंड दिलं असेल तर मधल्या फटीमुळे आयसोलेशन (दोन पोर्टमधला अलगपणा) फुकटात मिळतं. पण पुढे दोन्ही पोर्ट एकाच रेडिओ चिपला जातात. तिथे ग्राउंड जोडलं जातंच आणि ते आयसोलेशनही जातं. म्हणून ग्राउंड पहिल्यापासून सलग धरा. एक पॅच दुसऱ्याशी काटकोनात फिरवून बघा. तेवढ्याने भागलं नाही, तरच दोघांच्या मधोमध ग्राउंडच्या काठापासून आत चीर पाडा. हवेतली पाव तरंगलांबी २१.४ मिमी भरते, पण एफआर-४वर चीर त्याहून आखूड लागते. १५ मिमीपासून सुरुवात करून अर्ध्या-अर्ध्या मिमीने वाढवत न्या. चिरेने एस११ही (पोर्टवरून परत फिरणारा सिग्नल) सरकतो, तो पुन्हा जुळवा.

एस२१ छान आला म्हणून हुरळून जाऊ नका. एफआर-४चा लॉस टॅन्जंट (बोर्डात ऊर्जा किती जिरते त्याचं माप) ०.०२च्या आसपास असतो. ऊर्जा बोर्डातच जिरली तरी आकडे देखणेच दिसतात. (ऊर्जा नुसती जिरवणाऱ्या ५० ओमच्या डमी लोडचा एस११ कुठल्याही अँटेनाला लाजवेल!) एस-पॅरामीटरवरून (एस११, एस२१ वगैरे) ईसीसी, म्हणजे दोन अँटेनांचे सिग्नल एकमेकांशी किती मिळतेजुळते आहेत ते, काढायचं नेहमीचं सूत्र अँटेनात लॉस नाहीच असं धरतं. ईसीसी फार-फील्डवरून (अँटेनापासून दूरच्या प्रारणावरून) काढा आणि त्याच्या शेजारी कार्यक्षमताही लिहा.

मोजताना व्हीएनएला (एस-पॅरामीटर मोजणाऱ्या यंत्राला) न जोडलेल्या पोर्टवर ५० ओमचं टर्मिनेशन हवंच. कॅलिब्रेशन केबलच्या टोकाशी करा. मग केबल चिमटीत धरून बोटं पुढे-मागे सरकवा. आलेख हलला तर केबलच्या बाहेरच्या वेष्टणावरून प्रवाह वाहतोय, म्हणजे केबलच अँटेना झालीये. छोट्या ग्राउंडवर हे हमखास होतं. कनेक्टरला लागून केबलवर फेराइटचे मणी चढवा.

एस११च्या आलेखाचा आकार तसाच, फक्त दरी (आलेख सर्वात खाली जातो ती जागा) ३.५ ऐवजी ३.५७वर? सिम्युलेशनमध्ये बोर्डाची परमिटिव्हिटी (विद्युत पारगम्यता; ती कमी तर दरी वरच्या वारंवारतेला सरकते) ४.४ धरलीत, शीट ४.२च्या जवळची निघाली. २० मिमीचा पॅच २०.४ करा. दरीच उथळ झाली असेल, तर एसएमए कनेक्टरची मधली पिन आणि ग्राउंडचे पाय नीट सोल्डर झालेत का ते भिंगातून बघा.